धाकटीच्या नावावर

“मुलं किती?” नर्सने विचारलं.

“नाहीत,” काजवालीने पाठ केलेलं उत्तर दिलं. पोटची मुलगी खाटेच्या पायथ्याशी थर्मास धरून उभी होती. इथे ती भाची होती.

नदीवर पूल एकच, पण पलीकडे आजारी पडणं परवडत होतं. तिकडे कारखाने, कामगारांचा, त्यांच्या बायकापोरांचा, सगळ्यांचा विमा. अलीकडे टपऱ्या, शिवणकाम, मोलमजुरी. अख्ख्या गल्लीत विमा असलेलं घर शोधून सापडलं नसतं. शिंप्याच्या दुकानात काजं करता करता काजवालीने पोटातली कळ गरम पाण्याच्या पिशवीवर काढली. शेवटी ती दुकानातच कोसळली, तेव्हा पलीकडे दिलेली धाकटी बहीण धावत आली. पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन टळणार नव्हतं. धाकटी म्हणाली, आपले चेहरे एका साच्यातले, माझं कार्ड घे आणि माझ्या नावाने दाखल हो. काजवालीने पुष्कळ आढेवेढे घेतले. मग कळ पुन्हा उठली आणि ती हो म्हणाली.

धाकटीला मूल नव्हतं, हे दोघींनी नीट घोकून ठेवलं होतं. सिझेरियनचा व्रण मात्र कोणाच्याच ध्यानात आला नाही.

नर्सने पोटावरची चादर सारली आणि तिचा हात थांबला. पण नर्सला संशय आलाच नाही. तिने आवाज खाली आणला.

“गेलं का हो?”

काजवालीने मुलीकडे पाहिलं नाही. “गेलं.”

“मुलगा होता?”

“मुलगी.”

मुलगा म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण ते सुचलं मागाहून.

ऑपरेशन नीट पार पडलं. बाकीच्या बायकांवर डाफरणारी नर्स हिच्यापाशी आली की मऊ व्हायची. कुठून तरी जास्तीची उशी आणून तिने हिच्या मानेखाली सरकवली. काजवालीला त्या उशीवर झोप लागेना. मुलीने तिचं तोंड पुसलं, केस विंचरले, भरवलं. आणि हाक मारताना ती एकदाही चुकली नाही. मावशी, पाणी देऊ? मावशी, कूस बदलायची का?

घरी सोडलं त्या सकाळी नर्स दारापर्यंत आली. मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “मावशीला अंतर देऊ नकोस गं. तिला तरी दुसरं कोण आहे?”

“नाही देणार,” मुलगी म्हणाली. मग खाली वाकून तिने आईच्या पायांपुढे चपला सरळ करून ठेवल्या.

काजवालीला बराच वेळ त्यांत पाय घालवेना.