संहिताच्या चेहऱ्याचा आलेख

आइंडहोव्हनच्या एका चिप कंपनीत सुदर्शन दोष शोधायचं काम करायचा. तिथे चार लोक त्याला मान द्यायचे, म्हणून घरातही आपणच एक शहाणे अशी त्याची पक्की समजूत होती. सिलिकॉनच्या चकतीवर कुठे किती डाग आहेत ते मोजायचं आणि मग मागे मागे जात कारण हुडकायचं. सोळा वर्षांच्या संहिताच्या गालांवर मुरुमं उठली, तेव्हा या गृहस्थाने पोटच्या पोरीवर नेमकं तेच सुरू केलं. त्याच्या बायकोला, मालिनीला, पहिल्याच दिवशी याची किळस आली होती. पण ती मूग गिळून गप्प बसली.

दर रविवारी सकाळी संहिताने स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसायचं, मालिनीने दिवा धरायचा आणि सुदर्शनने फोटो काढायचे. मग लॅपटॉपवर चेहऱ्याचे चौकोन पाडून मोजणी व्हायची. कपाळ नऊ, डावा गाल चौदा, हनुवटी सहा. शेजारच्या रकान्यात आठवड्याचं खाणं. जानेवारीत चीज बंद झालं, फेब्रुवारीत चॉकलेट, पुढे दूध, बटाटा, भात. पोरगी भाकरी आणि दुधीभोपळा घशाखाली ढकलत होती आणि हा समोर बसून अक्कल पाजळत होता, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर रूट कॉज सापडत नाही." रूट कॉज म्हणे! मुलगी जेवताना मान वर करत नाही, मैत्रिणींकडे जात नाही, त्याला मात्र रकाना नव्हता.

जूनपासून आकडे उतरायला लागले. सुदर्शन स्वतःची पाठ थोपटून थोपटून थकला.

दिवाळीत फराळाला पाच-सहा मराठी कुटुंबं घरी आली आणि त्याने लॅपटॉप सरळ टीव्हीला जोडला. भिंतभर संहिताचा जानेवारीतला चेहरा उमटला, चौकोनांसकट. शेजारी खाली उतरत जाणारी रेघ.

"अय्या, केवढा फरक!" चारुता म्हणाली. "आमच्या विराजचंही असंच करून दे ना, सुदर्शन. तळकटानेच होतं हे सगळं." आणि बाईसाहेबांनी चौथी चकली मोडली. बाकीचे माना डोलावत होते. त्या खोलीत एवढ्या डिग्र्या होत्या, पण टीव्ही बंद करावा असं एकालाही सुचलं नाही.

तेवढ्यात संहिता जिन्यावरून खाली आली. सगळ्यांनी एकदा टीव्हीकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं, ताडून बघावं तसं. ती क्षणभर थबकली. मग टेबलापाशी जाऊन तिने करंजी उचलली आणि खाल्ली.

"संहिता, अगं, ट्रायल चालू आहे!"

"बाबा, मी मे महिन्यात हाउसआर्ट्सकडे गेले होते. एकटी. शी गेव्ह मी अ जेल. रोज रात्री लावते." आपल्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंचं ती सांगत होती. "खाण्याचा थोडा संबंध असू शकतो म्हणाल्या. पण असं एकेक बंद करत बसू नको, नीट जेव. सो, शाळेत मी रोज जेवते. भातसुद्धा. बटाट्याचे तळलेले फ्रीत पण."

सुदर्शनने टीव्हीवरच्या रेघेकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"म्हणजे तू माझा सगळा डेटा खराब केलास?"

मालिनीच्या डोक्यात तिडीक गेली. बाप म्हणून याला एवढंच सुचावं! तिने पुढे होऊन टीव्हीची वायर उपटली. "लाज नाही वाटत तुला? पोर आहे ती, तुझ्या कंपनीतला माल नाही!"

दहा महिन्यांत ती पहिल्यांदाच बोलली होती, आणि बोलल्यावर तिला फार बरं वाटलं. ती संहिताकडे वळली. आता पोर येऊन बिलगेल अशी तिची खात्री होती.

संहिता जागची हलली नाही. तिने बोटांवरची पिठीसाखर झटकली.

"डॉक्टरनी मला विचारलं, घरी याबद्दल कोणाशी बोलतेस का," ती म्हणाली. "आय सेड, नोबडी."

हे सांगताना ती बापाकडे बघतच नव्हती, आईकडे बघत होती.