माझ्या जुन्या तारा आणि बायनाबाईंचे कान

मी युकुलेले. नाव ऐकून हसू नका. जंगलाकाठच्या मोहर्लीत सगळे मला ‘लहान गिटार’ म्हणतात आणि मी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. चार तारा, पोकळ पोट आणि अंगापेक्षा मोठा आवाज. निदान एके काळी तरी होता.

मला इथे आणलं नंदिनीताईंनी. त्या वाघ बघायला आल्या आणि होमस्टेत आठ दिवस राहिल्या. तिथे खोल्या आवरणाऱ्या दिव्यानीने मला सहज उचललं आणि तिसऱ्या दिवशी माझ्यावर भीमगीत वाजवलं. ताई जाताना मला तिलाच देऊन गेल्या, सोबत नव्या तारांचं एक पाकीट. म्हणाल्या, “तुटायची वाट बघू नकोस. आवाज बुजला, सूर टिकेना, तारेखालून बोट फिरवल्यावर खाच लागली, की बदल.”

दिव्यानीने मान हलवली आणि पाकीट पेटीत, नव्या पांढऱ्या साडीखाली ठेवून दिलं. “जयंतीले स्टेजवर वाजवीन, तवा लावीन,” म्हणाली. दोन वर्षं तिचा नंबर लागला नाही. यंदा लागलाय. चौदा एप्रिलला सहा दिवस उरलेत.

माणसांचं हे मला कळत नाही. चांगलं ते राखून ठेवतात आणि रोजच्या कामाचं झिजून जाईपर्यंत वापरतात. माझं रोजचं काम काही साधं नाही.

मोहफुलं पडायला लागली की दिव्यानीची आई, बायनाबाई, उजाडताच जंगलात जातात. फुलं वेचायची म्हणजे तास-तास वाकून राहायचं, आणि वाकलेलं माणूस वाघाला जनावरच वाटतं. म्हणून मायलेकींनी एक रीत ठरवली. दिव्यानी उभी राहून चौफेर बघत मला वाजवते. माझा आवाज येतोय तोवर बाई खुशाल वेचतात. आवाज थांबला, की ताठ उभं राहायचं आणि लेकीकडे यायचं.

“ओरडून सांगीन ना मी,” दिव्यानी पहिल्या वर्षी म्हणाली होती.

“तुझ्या आत्यापुढे वाघ आला, त तिच्या तोंडातून आवाजच नाई निघाला,” बाई म्हणाल्या. “हात थांबवाले घसा नाई लागत.”

मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. आता भीती वाटते.

माझ्या तारा कळकट झाल्यात, पितळी पट्ट्यांवर घासून त्यांना खाचा पडल्यात. सुरात लावलं तरी घटकाभरात उतरतो. दिव्यानीला वाटतं, हवेचा दोष असेल. “तुटली नाई एकपण, काऊन बदलायची?” असं स्वतःशीच म्हणते आणि जोरात छेडते. जोर वाढतो, आवाज वाढत नाही.

त्यातच जवळच्या झाडांची फुलं संपली. चार दिवसांपासून बाई नाल्यापलीकडच्या मोहाखाली वेचतात आणि दिव्यानी अलीकडे उभी राहून वाजवते. परवा दुपारी मी खुंटीवर होतो. बाई कानात लसणाचं कोमट तेल घालून घेत होत्या. शेजारच्या चंदाबाईंना हळूच म्हणाल्या, “कान गेले वाटते माये. दोन दिस झाले, पोरीचं वाजवणं ऐकूच नाई येत. तिले सांगजो नको, जंगलात येऊ नाई देणार.”

चंदाबाईंनी कुणाला सांगितलं नाही. आणि मला तर कुणी वाजवल्याशिवाय बोलताच येत नाही.

आज सकाळी आम्ही पुन्हा आलो. बाई पलीकडे वाकून वेचत होत्या, दिव्यानी नेहमीचं गाणं वाजवत होती. एवढ्यात झाडावरून वानर खाकरलं, वाघ दिसला की इशारा देतं तसं. मग दुसरं. पक्षी गप्प झाले. नाल्यातल्या बांबूमागे काहीतरी हललं आणि दिव्यानीचा तळवा माझ्या तारांवर घट्ट पडला. मी थांबलो.

ती आईच्या उठण्याची वाट बघतेय. तिचं तोंड उघडंय, आत नुसती हवा.

बाईंची पाठ तशीच वाकलेली आहे. हात पाला सारतोय, फुलं टोपलीत पडताहेत. त्यांच्यासाठी मी आज थांबलोच नाही, चार दिवसांपूर्वीच थांबलोय.

बायनाबाई, तुमचे कान धड आहेत हो. खराब मी झालोय. एकदा मान वर करा.