ती मी नाही

आमच्या घरात एकमेकांना हाका मारत नाहीत. हे जिन्यातून शीळ घालतात, दोन खालचे सूर आणि एक वरचा. मी स्वयंपाकघरातून उलट उत्तर द्यायचे, एक वरचा आणि दोन खालचे. जंगलात ओरडलं की पाखरं उडतात, म्हणून लग्नानंतर यांनी लावलेली ही शिस्त घरातही शिरली. शेजारीण एकदा म्हणाली, "तुमच्याकडे पोपट पाळलाय का हो?" म्हटलं, हो, बासष्ट वर्षांचा आहे.

गेल्या वर्षी पाखरं बघायला एका जंगलात गेलो. तिथे आम्ही दोन दिवस वाटाड्याबरोबर फिरलो. शीळ घालत एकमेकांना ऑर्किड दाखवत होतो, आणि शेपटीला दोन लांब तारा असलेले काळे भृंगराज पक्षी आमच्या मागेमागे होते. "हे नकला करतात," वाटाड्या म्हणाला होता. मी हसले होते.

तिसऱ्या दिवशी वाटाड्याला ताप भरला. अंथरुणातूनच त्याने बजावलं, "लाकडी पुलापलीकडे जाऊ नका. कडा खचलाय. वरून नुसते नेचे दिसतात, पण खाली जमीनच नाही." यांनी मान डोलावली. मान डोलावून मनासारखं करणं हा यांचा जुना धंदा. लाल पोटाचा कर्णा पक्षी पाहायचं यांच्या डोक्यात होतं, आणि तो पुलाकडेच ओरडतो म्हणे.

निघताना यांनी शीळ घातली तर सुरांत फुसफुस मिसळलेली. रात्री कडक टोस्ट चावताना पुढचा दात तुटला होता. मी हसून हसून बेजार झाले.

पुलाच्या अलीकडे एका सडक्या ओंडक्यावर बटणाएवढं पांढरं ऑर्किड दिसलं. मी गुडघे टेकून बघत बसले. मान वर केली तेव्हा वाटेवर कोणीच नव्हतं. धुकं मात्र खाली उतरलं होतं, चार झाडांपलीकडचं काही दिसेना.

मी शीळ घातली. उजवीकडून, वेताच्या जाळीतून उत्तर आलं. दोन खालचे, एक वरचा.

वाट सोडून तिकडे कशाला तडमडले, असं पुटपुटत मी आत घुसले. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसले होते मी. आवाजावरून माणूस ओळखण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. काट्यांनी बाही फाटली, पायाला जळवा लागल्या. मी शीळ घालायची, उत्तर यायचं, दर वेळी थोडं पुढून. पाचव्या वेळी ते डोक्यावरून आलं.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. ही शीळ स्वच्छ होती. तिच्यात फुसफुस नव्हती.

वर फांदीवर भृंगराज बसला होता. माझ्याकडे बघत त्याने यांची शीळ घातली, आणि मग लगेच माझी. हुबेहूब.

मी श्वास रोखून ऐकायला लागले. लांब, पुलाच्या बाजूला, दुसऱ्या कुठल्यातरी भृंगराजाने माझी शीळ घातली. तिला उत्तर आलं ते फुसफुसणारं. पुन्हा माझी शीळ, पुन्हा फुसफुस, आता आणखी लांबून. मी पुढे बोलावतेय असं समजून माझा नवरा कड्याकडे चालला होता.

मी शीळ घालून काय उपयोग? तिथे माझीच शीळ यांना नेत होती.

मी ओरडले. जन्मात ओरडले नव्हते तशी ओरडले. "अहो, थांबा! हलू नका! ती मी नाही! अहो, ती मी नाही!"

सगळं जंगल गप्प झालं. मी वेत तुडवत, पडत, ओरडत पळाले. पूल ओलांडला. पलीकडे हे कमरेएवढ्या नेच्यांत उभे होते. समोर टेकवलेली काठी मुठीपर्यंत नेच्यांत गेली होती, आणि ती तशीच हवेत धरून हे पुतळ्यासारखे थांबले होते.

मी यांचा पट्टा पकडून यांना मागे ओढलं. दोघेही चिखलात बसलो.

"अगं, तू मागून कशी आलीस?" यांनी विचारलं. "पुढून बोलावत होतीस ना?"

तेवढ्यात समोरून, जिथे पाय ठेवायला काहीच नव्हतं तिथल्या धुक्यातून, माझी शीळ आली. एक वरचा, दोन खालचे. यांनी सवयीने ओठांचा चंबू केला. मी यांच्या तोंडावर हात दाबून धरला.

आता दात बसवलाय. हे अजूनही जिन्यातून शीळ घालतात. मी उत्तर देत नाही. हातातलं असेल ते टाकते, दार उघडते आणि हे वर येईपर्यंत डोळ्यांनी बघत उभी राहते.