रोज चार केळी

"तोताराम भाऊ, या चिठ्ठीवर काय लिव्हेल आहे ते सांगा जरा," म्हणत सुगंधाबाईने औषधाच्या खिडकीतून कागद आत सरकवला. मागे बाकावर दहा-बारा पेशंट बसले होते. तिचा नवरा जीवराम आबा बाहेर बैलगाडीतच टेकून बसला होता.

तोताराम सव्वीस वर्षं त्या दवाखान्यात कंपाउंडर होता. डॉक्टर नाडी बघत, पण गावाला औषध समजावून सांगायचा तो तोताराम, आणि त्याची त्याला भारी हौस. लघवीच्या गोळ्यांवर तर तो कीर्तनच लावायचा. ब्लडप्रेशरवाल्याला सौम्य गोळी, ती हळूहळू पाणी काढते. पायाला सूज, छातीत पाणी, तर जोरदार गोळी. ती घेतली की माणूस दुपारपर्यंत बांधावरच. पण ही गोळी पाण्याबरोबर अंगातलं पोटॅशियमही वाहून नेते, मग पायात गोळे येतात, हृदय ठोके चुकवतं. "म्हणून केळी खा! औषध बागेत फुकट लटकलंय!" केळीच्या गावात हे वाक्य आवडणारच. आबा चार वर्षं ती गोळी आणि रोज चार केळी खाऊन तगला होता, आणि श्रेय गाव डॉक्टरांना कमी, तोतारामला जास्त देत असे.

चिठ्ठी जळगावच्या मोठ्या डॉक्टरांची होती, इंग्रजीत. जोरदार गोळी निम्मी केली होती. सोबत तिसऱ्याच जातीची नवी गोळी होती. ती पाणी काढते, पण पोटॅशियम अंगातच धरून ठेवते, आणि ते फार साचलं की हृदयच बंद पडतं. खाली लिहिलं होतं: मूत्रपिंडं थकली आहेत, केळी बंद, आठ दिवसांनी रक्त तपासा.

तोतारामने ते दोनदा वाचलं.

"काय भाऊ," बाकावरून भाईदास ओरडला, "जळगाववाल्यानं तुमची केळी त बंद नाही केली?"

सगळे हसले. सुगंधाबाई फणकारली, "तो बंद कसा करीन? केळीनंच त जगेल आहेत आबा!"

खरं तोतारामच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या हसण्यापुढे ते मागे फिरलं.

"नवी गोळी सकाळी एक, जुनी अर्धी," तो म्हणाला. "बाकी सगळं तेच. आठ दिवसांनी रक्त तपासायला घेऊन या."

तेव्हा तिला एकटीला गाठून सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं. शिवाय शहरातल्या डॉक्टरला केळीतलं काय कळतं? स्वतःला फसवायला निघालेल्या माणसाला कारणांचा तोटा नसतो.

सहाव्या दिवशी सकाळी आबा न्हाणीच्या दाराशी कोसळला तो उठलाच नाही. हृदय थकलेलंच होतं, असं डॉक्टर म्हणाले. खिडकीमागेच राहिलेली ती चिठ्ठी कोणी मागितली नाही. तोतारामनेही दाखवली नाही. भेकड होता तो, त्याला दुसरा शब्द नाही.

तेरावं उरकल्यावर सुगंधाबाई खिडकीशी आली. पदराखालून तिने पिकलेल्या केळ्यांची फणी काढली.

"आबाच्या बागेतली आहे. तुम्ही चार वर्सं दिले त्याहिले, भाऊ. मी ईसरनार नाही."

"अक्का, राहू द्या..."

"तुम्ही सांगेल व्हतं ना, बाकी सगळं तेच. मी एक दिस चुकवला नाही. गेले त्या दिवशी त्याहिले चावनं होत नव्हतं, त मी केळं कुस्करून चारलं." तिने डोळे पुसले. "खा ना एक. माह्यासमोर खा."

तोतारामने केळं सोललं. बाकावरचे पेशंट बघत होते. त्याने ते शेवटपर्यंत खाल्लं. मग साल खिशात कोंबली आणि पुढच्या पेशंटच्या चिठ्ठीसाठी खिडकीतून हात बाहेर काढला.