डावीकडे सरकवलेला पाट

“दादा, कणीक मळतोयस की बडवतोयस?” लबीबनं दारातून विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. वेदीवरच्या भाकरीची कणीक मळताना बोलायचं नसतं, फक्त स्तोत्रं म्हणायची असतात. आमच्या मल्लवी गावच्या चर्चमध्ये मी एकतीस वर्षं ही भाकर भाजतोय आणि या एकतीस वर्षांत कणकेत हात असताना माझ्या तोंडून आजपर्यंत एक फालतू शब्द निघाला नव्हता. चर्चच्या मागच्या अंगाला भट्टीची खोली आहे. तिला आम्ही बेथलेहेम म्हणतो. तिथं चपला येत नाहीत, बायका येत नाहीत आणि गप्पाही येत नाहीत.

लबीबला हे सगळं ठाऊक होतं. माझा सख्खा धाकटा भाऊ आहे तो. आता अलेक्झांड्रियात तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आहे. चार जाडजूड पुस्तकं लिहिली आहेत आणि चारही पुस्तकांत एकच गोष्ट सांगितली आहे, की कशालाच काही अर्थ नाही. ती एका कागदावर लिहून भागलं असतं.

“अजून रागावलायस,” तो म्हणाला. “पण मी पोरीशी खोटं बोलू का?”

मी स्तोत्राचा आवाज चढवला.

आज माझ्या मुलाच्या, कीरोच्या मृत्यूचा चाळिसावा दिवस होता आणि त्याच्या नावानं चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना होती. कीरोलोस, वय सव्वीस. वाळवंटातल्या रस्त्यावर त्याची मायक्रोबस उलटली. सकाळी नऊ वाजता फोन आला तेव्हा माझ्या हातांना पीठ लागलेलं होतं. दफन झालं, तिसरा दिवस झाला. ‘देवाला चांगली फुलंच आवडतात’ म्हणणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना मी त्या वेळी घराबाहेर काढलं. देवाला काय आवडतं ते मला शिकवू नका, म्हटलं. फुलं हवीत तर त्यानं बाग लावावी.

माझी इरीनी तेव्हा भांडत तरी होती. एकोणीस वर्षांची पोर, आई नाही, भाऊ गेलेला. ती रडायची, ताटल्या आपटायची, भिंतीवरच्या येशूच्या चित्राला वाट्टेल ते बोलायची. मी तिला अडवलं नाही. मीही तेच करत होतो, फक्त हळू आवाजात. मग तीन दिवसांपूर्वी लबीब आला आणि तिच्या खाटेशी बसला. शांतपणे, अगदी प्रेमानं, त्यानं तिला सांगितलं की ‘का’ हा प्रश्नच चुकीचा आहे. डोंगरावरून दगड घरंगळतो तसा तुझा भाऊ गेला, त्यात काही शोधू नकोस, म्हणजे हलकं वाटेल.

हलकं वाटलं खरं. पोरगी रडायची थांबली. भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच. तीन दिवसांत पाण्याशिवाय काही घेतलं नाही. काल रात्री म्हणाली, “बाबा, मी उद्या येणार नाही. दगडासाठी कोणी मिस्सा करतं का?”

हे आठवलं आणि माझं स्तोत्र अर्ध्यात तुटलं.

“‘माहीत नाही’ असं सांगायचं होतंस!” मी ओरडलो. कणकेत हात घालून ओरडलो. “तिनं विचारलं, कीरो का गेला. तुला माहीत आहे? नाही. मलाही नाही. आपल्या पुरोहित अबूनांनाही नाही. ‘मला माहीत नाही, पोरी’ एवढं म्हणून तिच्याबरोबर रडला असतास तर तुझी प्राध्यापकी बुडाली असती का? पण नाही! आहे ते माहीत नाही, पण काहीच नाही हे मात्र तुला पक्कं माहीत!”

“दादा, हळू. ती ऐकेल.” आमचं घर अंगणाच्या पलीकडेच आहे, आणि भट्टीच्या खोलीला खिडकीही आहे.

“ऐकू दे. तुझं ऐकलं, आता बापाचं ऐकू दे.” मी कणकेचे गोळे तोडू लागलो. निम्मी कणीक परातीत झाकून ठेवली, दुसऱ्या घाण्यासाठी. “तो तुझ्या कॉलेजातला माणूस, तुझ्या पुस्तकातलं एक प्रकरण चोरून आपल्या नावावर छापलेला. दोन वर्षं फोनवर माझे कान किटवलेस. अन्याय झाला दादा, घोर अन्याय! कसला रे अन्याय? दगड घरंगळला. एका दगडाची माती दुसऱ्या दगडाला लागली. त्यात काय शोधायचं?”

“ती वेगळी गोष्ट आहे. न्याय माणसं ठरवतात.”

“मग त्या माणसांनी ठरवलं तुझ्याविरुद्ध. चौकशी झाली आणि तो सुटला. गप्प का नाही बसलास? खरं काय ते कोणीतरी पाहिलंय असं वाटत होतं ना तुला? कोणी पाहिलं होतं? बोल!”

मी गोळे थापत होतो, लाकडी ठसा दाबत होतो आणि बोलत होतो. लाज वाटावी इतकं बोललो. त्याला म्हणालो, तुझी निराशा ही पोट भरलेल्या माणसाची निराशा आहे. इथं येतोस, माझ्या घरचं कबूतर आणि मलोखियाची पातळ भाजी हाणतोस, मिटक्या मारतोस, आणि हात धुऊन सांगतोस की जगण्यात काही नाही. मग तिसऱ्यांदा कशाला वाढून घेतोस?

लबीबचा चेहरा पांढरा पडला. त्यालाही राग येतो, शेवटी आमचं रक्त एकच.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “मी पण विचारतो. एकतीस वर्षं पहाटे उठून तू त्याची भाकर भाजतोयस. ती गाडी उलटली तेव्हा तो कुठे होता?”

याचं उत्तर आपल्याकडे आहे म्हणणाऱ्या माणसाच्या घरी मी पाणीही पिणार नाही.

“रोज विचारतो त्याला,” मी म्हणालो. “शिव्या घालून विचारतो. माझ्याकडे भांडायला कोणीतरी आहे, लबीब. तू कोणाशी भांडतोस? भिंतीशी? माझ्या पोरीला तू त्या भिंतीकडे तोंड करून झोपवलंस.”

मी शेवटचा ठसा दाबला, पाट सरकवला, भाकरी भट्टीत टाकल्या आणि झाकण घातलं. तोपर्यंत चर्चची घंटा झाली. अबूना बीमन धूपाच्या प्रार्थनेला उभे राहिले असणार. मिस्सा सुरू करण्याआधी आमचे पुरोहित समोर ठेवलेल्या भाकरींतून एकच निवडतात. ती अखंड हवी, डागाशिवाय हवी. बाकीच्या शेवटी लोकांना वाटतात.

पाव तासानं झाकण काढलं. साती भाकरी फुटल्या होत्या. फुग्यासारख्या फुगून मधोमध चिरल्या होत्या, ठशावरचा क्रूस दोन तुकडे. एकही धड नव्हती.

मला क्षणभर कळेना. मग पाटाकडे लक्ष गेलं. मी तो डावीकडे सरकवला होता.

ठसा उमटला की भाकरीला क्रूसाभोवती पाच भोकं पाडतात. प्रभूच्या पाच जखमा. वाफही त्यांतूनच जाते. भोकं नसली तर भाकर फुटते. तेरा वर्षं ते काम कीरोचं होतं. मी ठसा दाबायचा आणि पाट डावीकडे सरकवायचा, तो टोचणीनं पाच भोकं पाडायचा. गेले चाळीस दिवस मी स्वतःला सांगून सांगून दोन्ही कामं करत होतो. आज रागात विसरलो. कोणीही उभं नव्हतं तिथं पाट सरकवला, आणि तिथूनच भाकरी उचलून भट्टीत टाकल्या.

मी तिथंच जमिनीवर बसलो आणि हुंदका नाही, सरळ बोंब मारली. चर्चमधली प्रार्थना अडखळल्याचं मला ऐकू आलं.

“दादा,” लबीब आत येऊन माझ्या खांद्याला हात लावत म्हणाला, “सवय असते रे. हाताची सवय.”

“सवय?” मी त्याचा हात झटकला. “दगड गेला तर त्याची जागा रिकामी राहते का रे? माती भरते, गवत उगवतं. ही जागा बघ! माझ्या डाव्या हाताला कोण नाहीये ते माझ्या हाताला माहीत आहे. आणि तू चार पुस्तकं लिहिलीस तरी तुला माहीत नाही!”

लबीब त्या रिकाम्या जागेकडे बघत होता. मग त्याचे ओठ वाकडे झाले, लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचे तसे, आणि तो भिंतीला टेकून रडू लागला. मला त्याची दया आली नाही. निदान तेव्हा तरी नाही.

“बाबा.”

दारात इरीनी उभी होती. अनवाणी, केस विस्कटलेले, कीरोचा जुना स्वेटर घातलेला. ओरडणं तिनं सगळंच ऐकलं असणार. उंबऱ्याच्या आत ती आली नाही. तिची नजर फुटलेल्या भाकरींवर गेली, मग पाटावर.

“कीरोकडे सरकवलास?”

“हो,” मी म्हणालो.

ती उंबऱ्याबाहेर पायरीवर बसली. “एक दे.”

मिस्साच्या दिवशी मिस्सा होईपर्यंत आमच्यात कोणी अन्नाला शिवत नाही. पोरगी चार वर्षांची असताना मी तिच्या हातातून खजूर काढून घेतला होता. आता उठलो, सातांतली सगळ्यात गरम भाकर उचलली आणि तिच्या हातात दिली. तिनं फुटलेल्या जागीच ती मोडली आणि खाऊ लागली. घास तिच्या घशात अडकत होता. लबीबनं डोळे पुसले आणि माठातलं पाणी आणून तिच्याजवळ ठेवलं.

मी हात धुतले, परातीवरचं फडकं काढलं आणि पहिल्यापासून स्तोत्र सुरू केलं. गोळा थापला, ठसा दाबला. हात आपोआप पाटाला लागला.

“भोकं, बाबा,” इरीनी दारातून म्हणाली. तोंडात घास होता.

मी टोचणी उचलली आणि पाच भोकं पाडली. दुसरा गोळा घेतला, थापला, ठसा दाबला.

“भोकं, बाबा.”