फाटकावरचं माझं नाव

दुपारच्या बसने व्रात्सा शहरातून गावात उतरले तेव्हा पिशवीत डॉक्टरांचा कागद होता. सतराव्या वर्षी मला कळलं होतं की मी ऑटिस्टिक आहे. वेडी नाही, हट्टी नाही आणि झपाटलेली तर नाहीच नाही. आनंद व्हायला हवा होता. पण घराच्या फाटकावर माझाच फोटो चिकटवलेला होता. खाली नाव, दाफिना. त्याखाली, 'दीर्घ आजाराने निधन. आज चाळीस वर्षं झाली.'

मी जवळ जाऊन पुन्हा वाचलं.

नाव आत्याचं. तिच्यावरूनच माझं ठेवलं. सगळं गाव आपापल्या मेलेल्यांची लावतं तसं बाबाही दरवर्षी तिचं स्मृतिपत्रक फाटकावर लावतात, उकडलेले गोड गहू शेजारीपाजारी वाटतात. त्यामुळे मी लहानपणापासून स्वतःचं नाव मेलेल्यांत वाचत आलेय. चर्चची घंटा वाजली की मी कान दाबून टेबलाखाली शिरायचे. आत्याही तसंच करायची म्हणे. शेजारची गेना आजी छातीवर क्रूसाची खूण करून म्हणायची, "घ्या! दाफिना आली परत." मला ते खरंच वाटायचं. आरशात बघून मी हळूच विचारायचे, तू आहेस का आत?

बाबा ओट्यापाशी वाट्यांत गहू भरत होते.

"बाबा, फोटो माझा लावलाय."

"काहीतरीच काय!" ते फाटकापाशी गेले, चष्मा लावून बघत राहिले. "ड्रॉवरमधला वरचा उचलून छापायला दिला गं. सकाळपासून अख्खं गाव बघून गेलं, एकाच्याही लक्षात आलं नाही."

त्यांच्या तरी कुठे आलं होतं! मला हसू आलं. मी कागद पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"म्हणजे दाफिनालाही हेच होतं?"

"असणार."

"मग यावर औषध काय?"

"औषध कशाला? आजार नाहीये हा. थोडी शांतता लागते, बाबा. आणि घरची माणसं."

ते पायरीवरच बसले.

"वेड्यांच्या आश्रमात तिला मीच सोडून आलो," ते म्हणाले. "चौदा वर्षांचा होतो. ती फक्त माझंच ऐकायची, म्हणून आईने मला पुढे केलं. मी म्हटलं, चल, समुद्र बघायला जाऊ. कधी नव्हे ती खुशीत होती गं. बसमध्ये सगळ्यांच्या आधी जाऊन बसली."

मला त्यांचा संताप आला, कीवही आली. पण त्याहून जास्त भीती वाटली. बाबांनी म्हटलं असतं तर मीही अशीच जाऊन बसले असते.