धूळ पुसायची नाही

सकाळी दुकानाचे शटर वर सरकते तेव्हा उजेड एकदम आत येत नाही. आधी तो समोरच्या कारखान्याच्या पत्र्यांवर थबकतो, तिथून रस्त्याकडेला उभ्या असलेल्या टँकरच्या पाठीवर उतरतो आणि मग बिचकत आमच्या काचेला टेकतो. आत आल्यावरही तो सगळ्यांशी सारखा वागत नाही. रमच्या बाटल्या त्याला दारातच अडवतात. व्होडकामधून तो न थांबता निघून जातो. बिअरच्या हिरव्या काचेत थोडा वेळ पोहतो. आणि शेवटी पूर्वेच्या खिडकीतल्या त्या बारा बाटल्यांवर येऊन बसतो तो तासभर उठत नाही. चार वर्षांपूर्वी त्या बाटल्यांतली पांढरी वाइन कोवळ्या गवताच्या रंगाची होती. उन्हाने रोज थोडे थोडे करून तिचा मध केला आणि मधाचा चहा. माझी सकाळ हल्ली अशी केवळ दिसण्याची असते.

त्या बाटल्यांवर धुळीचा जाड थर होता आणि तो पुसायचा नाही, असा पप्पूशेठचा नियम होता.

“हात नको लावू रे!” त्या दिवशी मी फडके उचलताच ते गल्ल्यावरून ओरडले. “धूळच माल विकते. पार्टीला वाटायला पाहिजे ने, जुना माल छे!”

“शेठ, ती वाइन गेली. उन्हात उभी राहून गेली.”

“दोन दिवस नाशिकला काय जाऊन आला, मला शिकवतो! अठरा वर्षं झाली दुकानाला.”

हे खरे होते. पाटीवर ‘वाइन शॉप’ लिहिलेले असले तरी अठरा वर्षांत तिथे सर्वांत कमी खपलेली वस्तू म्हणजे वाइनच. नाशिककडच्या एका द्राक्षबागेत मला शेठनीच प्रशिक्षणाला पाठवले होते. तिथल्या बाईंनी पेला पुढे केला तेव्हा वीस जणांत मी एकटा हळूच म्हणालो होतो, “पेरू.” त्या हसून म्हणाल्या होत्या, “अगदी बरोबर.” माझ्या आयुष्यातले ते एकमेव प्रशस्तिपत्र. मला ताप आला त्याच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट.

शटर उघडून तासही झाला नव्हता, तोच पायरीवर जयवंत सर दिसले. टोकरखाड्याच्या मराठी शाळेत त्यांनी मला विज्ञान शिकवले. रस्त्याच्या दोन्ही टोकांना नजर टाकून, कापडी पिशवी छातीशी धरून ते चोरासारखे आत शिरले आणि पिशवी काउंटरवर ठेवून त्यांनी घाम पुसला.

“अय्या सर, काय घमघमाट सुटलाय!” बिलं करणारी सोनम म्हणाली. “पूर्ण दुकान महक गया!”

सर हसले. मीही हसलो.

“योगेश, तू आहेस ते बरं झालं रे,” ते आवाज खाली आणून म्हणाले. “आज आमच्या धनश्रीचे सासरे यायचेत, पुण्याहून. जेवताना वाइन घेतात. मी जन्मात थेंब घेतलेला नाही, तुला माहीत आहे. साखरपुड्यात त्यांच्या लाल वाइनमध्ये मी आपला यजमान म्हणून दोन बर्फाचे खडे टाकले. मला वाटलं, सरबराई. सगळे हसले. धनश्रीनं मान खाली घातली.” त्यांनी पुन्हा घाम पुसला. “पोरीनं पुन्हा मान खाली घालू नये, एवढं बघ.”

“सर, तुमच्यासाठी खास चीज आहे!” पप्पूशेठ मध्येच आले. खिडकीतली एक बाटली त्यांनी दोन्ही हातांनी, देव्हाऱ्यातून मूर्ती उचलावी तशी उचलली. “धूळ बघा. बूच बघा. वजन बघा. व्याही खुश!”

सरांनी चष्मा सरळ केला. त्यांच्या चेहऱ्यावर श्रद्धा उमटली, आणि ती मला सहन झाली नाही.

“सर, ती घेऊ नका.”

“योगेश, गोदामात जा.”

“नाही जाणार.”

वर्गात हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतानाही माझा आवाज फुटत नसे. सरांनी चमकून पाहिले. मी फ्रीजमधून गेल्या हंगामाची पांढरी बाटली काढून त्यांच्यापुढे ठेवली.

“जेवायला काय आहे, सर?”

“मासे. पण लालच खरी असते ना? आणि हिला तर खोकल्याच्या औषधासारखं फिरकीचं झाकण आहे रे!”

“त्या झाकणानं हवा आत जात नाही, सर. आणि माशांबरोबर हीच छान लागते. गार असू द्या, म्हणजे बर्फ लागणार नाही.”

“पण जुनी जास्त चांगली ना? सगळे तसंच म्हणतात.”

“फार थोड्या. बाकीच्या पेरूसारख्या. वेळेवर खायच्या, साठवायच्या नाहीत.”

“बस झालं!” शेठ लालबुंद झाले होते. “खराब आहे ने? मग दाखव. नाय दाखवलं तर उद्यापासून तू नाय!”

मी ओपनर उचलला. चार वर्षे बाटली उभी राहिल्याने वाळलेले बूच पहिल्याच वळणाला भुसा होऊन गळले. मी पेल्यात थोडी ओतून पेला उजेडात धरला. टपरीवरचा कोरा चहा असावा तशी ती दिसत होती. सोनमने दोन हातांवरूनच ओढणी नाकाला लावली. सरांनी प्रयोगशाळेत शिकवत तसा, पेल्यावरून तळव्याने हलकेच वारा घेतला.

“सांग की जाणकार, कसला वास आहे?” शेठनी टोमणा मारला.

मी पेल्यात नाक खुपसले.

“व्हिनेगर,” मी म्हणालो. “सरळ व्हिनेगर.”

सर माझ्याकडे बघत राहिले, बाटलीकडे नव्हे. मग शांतपणे म्हणाले, “शेठ, ही नको. झाकणवाली द्या.”

“उद्यापासून येऊ नको,” शेठ मला म्हणाले.

“शेठ, काय पण!” सोनम पुटपुटली.

“उद्यापासून ना?” मी म्हणालो. “आज तर आहे.”

मी फडके ओले केले आणि उरलेल्या अकरा बाटल्या एकेक करून पुसल्या. मानेपासून बुडापर्यंत. शेठ ओरडत होते. मी पुसत होतो. शेवटची बाटली खिडकीत ठेवली तेव्हा ऊन अकराही बाटल्यांतून आरपार गेले आणि आतला तो मेलेला तपकिरी रंग भर रस्त्याला दिसू लागला. आयुष्यात इतके स्वच्छ काम मी कधी केले नव्हते.

सरांची पिशवी पोहोचवायला मी बाहेर आलो. स्कूटरपाशी ते थांबले.

“योगेश, व्हिनेगर नव्हतं ते. सडक्या सफरचंदाचा वास होता.”

“खराब होती ना पण, सर?”

“खराबच होती. तू खरं तेच बोललास, आणि नोकरीवर पाणी सोडून बोललास. मी बाटलीचं विचारत नाहीये.”

“सर्दी आहे, सर.”

गेल्या आठवड्यात दूध करपून घर धुराने भरले, तेव्हा आईलाही मी हेच सांगितले होते. “घरभर वास सुटना, तुले समजनं नही का?” असे विचारून ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली होती. त्याआधीही सर्दीच होती. त्याच्याही आधी.

सरांनी पिशवीकडे बोट दाखवले. मग वर्गात विचारत तसे म्हणाले, “तुझ्या हातातल्या पिशवीत काय आहे?”

मी पिशवी तोलून पाहिली. जड होती, गोलसर होती.

“कलिंगड, सर.”

त्यांनी पिशवीचे तोंड उघडले. वर्तमानपत्र बाजूला केले. आत अर्धा चिरलेला फणस होता, गावाहून आलेला, पिकून फुटायला आलेला. गरे पिवळेधमक होते, सकाळी काचेवर उतरणाऱ्या उजेडासारखे. मी त्या गऱ्यांवर वाकलो, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या तापापासून मला कशाचाच वास येत नाही.